किर्स्टनचे ग्लोव्हज

परवा लॉफ्टमध्ये गोलकीपरचे जुने ग्लोव्हज सापडले. नाकाशी नेले, तर रबराला अजून लंडनमधल्या हॅरोच्या मैदानाच्या चिखलाचा वास होता.

तेव्हा लग्न होऊन मी पुण्याहून नुकतीच आले होते. शेजारच्या किर्स्टनचा बायकांचा फुटबॉल क्लब होता. तिने आणि इतर डॅनिश नर्सेसनी तरुणपणी काढलेला. आता त्यांच्यातली ती एकटीच उरली होती. दोन हजार पाचच्या हिवाळ्यात एका रविवारी गोलकीपर आलीच नाही. टीम उतरली नसती, तर लीगमधून क्लबचं नाव गेलं असतं. शाळेत मी खो-खोत सूर मारून गडी टिपायचे, हे किर्स्टनला ठाऊक होतं. तिने ग्लोव्हज माझ्यापुढे धरले.

गोलावर गोल होत होते. माझी कोपरं सोलवटली. बाहेरून नवरा ओरडला, "अगं, बस झालं! घरी चल."

"मॅच संपल्याशिवाय हलणार नाही!"

आम्ही सपाटून हरलो आणि किर्स्टन चक्क हसत होती. तेव्हा मला तिचा रागच आला. आता कळतं, तिचा क्लब वाचला होता.

"टाकून दे ते," परवा ग्लोव्हज बघून नवरा म्हणाला. मी ग्लोव्हज धुऊन वाळत घातले. या रविवारीही क्लबला गोलकीपर नाहीये.