कडेची उंची

रेल्वेच्या इंजिन कारखान्यातून निवृत्त झालो आणि तीनच महिन्यांत घाटावरच्या आमच्या मंडळानं मला बोट निवडायच्या कामाला लावलं. मंडळ म्हणजे बालाजी घाट ते पंचगंगा घाट एवढ्या टापूत रोज पोहायला येणारे पंधरा-वीस लोक, निम्मे मराठी, निम्मे इथलेच हिंदी बोलणारे. मंगला गौरीच्या गल्लीतलं एक कुटुंब परदेशी स्थायिक झालं होतं. त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ, बुडणाऱ्याला वाचवायला म्हणून एक वेगवान मोटरबोट देऊ केली. कोणती घ्यायची ते आम्ही ठरवायचं. बोटीतलं कुणालाच काही कळत नव्हतं. मला इंजिनातलं कळतं म्हणजे बोटीतलंही कळत असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं, आणि मीही त्यांना अडवलं नाही.

खरं कळणारा माणूस एकच होता, आमचे गोताखोर चाचा. पाण्यात बुडी मारून माणसं बाहेर काढणं हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. जिवंत किती काढली आणि मेलेली किती, ते कधी सांगत नसत. वयानं माझ्याएवढेच, पण सगळा घाट चाचा म्हणायचा म्हणून मीही म्हणायचो. ते मला भैया म्हणत. मराठी आळीत वाढल्यामुळे आमचं सगळं बोलणं त्यांना समजायचं, बोलायचे मात्र हिंदीत.

थंडी संपता संपता विक्रेत्यानं दोन बोटी नदीत उतरवून दाखवल्या. एक निमुळती, पांढरी, खाली सुरीच्या पात्यासारखा खोल तळ आणि मागे दीडशे अश्वशक्तीचं इंजिन. दुसरी रुंद, चपटी, पत्र्याची. इंजिन निम्म्याहून लहान, आणि पाण्याला जवळजवळ टेकलेली कड. दिसायला ती दुभत्या म्हशीसारखी होती. मी हसून तसं म्हणालोही.

पांढऱ्या बोटीचं चक्र विक्रेत्यानं माझ्या हातात दिलं. मी इंजिनाची कळ पुढे रेटली. बोटीनं नाक वर केलं, क्षणभर पुढचं काही दिसेना, मग ती सपाट झाली आणि पाण्यावरून सुटलीच. आयुष्यभर मी मालगाड्यांची इंजिनं दुरुस्त केली, पण स्वतः चालवलेली सर्वांत वेगवान गोष्ट म्हणजे माझी स्कूटर. मुन्शी घाटापर्यंत आम्ही तीन मिनिटांच्या आत पोचलो. घाटावर बसलेले लोक उठून उभे राहिले. ते मला दिसलं आणि आवडलं, हे आज कबूल करतो. दुसऱ्या बोटीला त्याच अंतराला जवळपास दुप्पट वेळ लागला. मी कागदावर दोन्ही वेळा लिहून घेतल्या आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

चाचांची तपासणी वेगळी होती. दोन्ही बोटी उभ्या असताना ते पत्र्याच्या बोटीत कडेला बसले आणि वाकून हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत. मग पांढरीत आले, कडेवर पोटावर पालथे पडले आणि हात खाली सोडला. बोटांची टोकंसुद्धा पाण्याला लागेनात. उठून त्यांनी लुंगी झटकली आणि उतरले.

घरी बायकोला मी पांढऱ्या बोटीचं वर्णन करून सांगत होतो. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "ही बोट बुडणाऱ्यासाठी घेताय ना?" मी चिडलो. वेळेवर पोचलं तरच माणूस वाचतो, म्हणून तिला समजावत बसलो.

मंडळाच्या बैठकीत मी तेच मांडलं. इंजिन, वेग, तळाचा आकार, सगळं. लोकांनी माना डोलावल्या. शेवटी चाचा दाराशी उभे होते तिथून बोलले. या बोटीची कड उंच आहे, माणसाला वर ओढता येणार नाही. शिवाय इंजिनाचा पंखा पाण्यात फिरत असताना बुडणाऱ्याच्या जवळ जाता येणार नाही, इंजिन बंद करावं लागेल, आणि बंद केलं की धार बोटीला घेऊन जाईल. एवढं त्यांनी सावकाश सांगितलं.

सगळ्यांसमोर खोडून काढलं याचा मला राग आला, आणि मी कारखान्यात बोलायचो तसं बोललो, "चाचा, लिखकर दे दीजिए. रिपोर्टला जोडतो."

त्यांना लिहिता येत नाही हे मला ठाऊक होतं. त्यांच्या मुलीच्या सासरहून आलेली पत्रं वर्षानुवर्षं मीच वाचून दाखवली होती. दोघं-तिघं हसले. चाचा म्हणाले, "ठीक है भैया, आप लोग देख लीजिए," आणि निघून गेले. माझ्या अहवालात कडेबद्दल एक अक्षर नव्हतं.

पांढरी बोट आली. पूजा झाली, नारळ फुटला. उन्हाळा आणि पावसाळा निभावला. दोन वेळा आम्ही दमलेल्या पोहणाऱ्यांना दोर टाकून काठाला आणलं, आणि मी चाचांकडे विजयी नजरेनं पाहिलंसुद्धा.

कार्तिकात सकाळी आठच्या सुमारास पंचगंगा घाटावर स्नानाची गर्दी होती. पाणी अजून ओढीचं होतं. विदर्भातून आलेले एक धिप्पाड गृहस्थ पायरीवरून घसरले आणि धारेला लागले. बोटीवर आम्ही तिघं होतो, मी, मंडळातला एक शिक्षक आणि चाचा. मिनिटभरात आम्ही त्यांच्याजवळ होतो. इतक्या लवकर दुसरं कुणीही पोचलं नसतं, हेही खरं आहे.

मी इंजिन बंद केलं. शिक्षकानं आणि मी पालथे पडून त्यांचे दोन्ही दंड धरले. ओलं धोतर, ओला सदरा, घाबरलेला माणूस. छातीपर्यंत वर यायचे आणि पुन्हा खाली सरकायचे. माझी पकड सुटायला लागली. चाचांनी काही न विचारता पाण्यात उडी टाकली, त्यांच्याखाली गेले आणि खांद्यावर घेऊन त्यांना वर रेटू लागले. आम्ही सगळेच त्या धडपडीत गुंतलो होतो. बोट धारेबरोबर वाहतेय, मागे नांगरलेला बजरा, म्हणजे छताची मोठी नाव, जवळ येतोय, हे मी पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. आमची बोट बजऱ्यावर जाऊन आदळली. चाचांचा डावा खांदा मध्ये होता.

ते ओरडले नाहीत. उजव्या हातानं त्या गृहस्थांचं डोकं पाण्यावर धरून राहिले. तेवढ्यात एक वल्ह्याची नाव आली. नावाड्यानं नाव एका अंगाला कलती केली आणि दोघांनाही आत घेतलं. धान्याचं पोतं घ्यावं इतक्या सहज.

गृहस्थ वाचले. दुसऱ्या दिवशी बायकोबरोबर पेढे घेऊन आले आणि माझ्या पाया पडले. मी त्यांना इस्पितळात चाचांकडे न्यायला हवं होतं. त्यांची परतीची गाडी होती, वेळ नव्हता, आणि मीही आग्रह केला नाही.

चाचांच्या खांद्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. हात छातीच्या वर जाईना. पोहणं संपलं. महिनाभरानं मी त्यांच्या घरी गेलो. बाहेर खाटेवर बसले होते. मी जे ठरवून गेलो होतो ते कसंबसं बोललो. बैठकीत मी तुमचा अपमान केला, तुम्हाला लिहिता येत नाही हे माहीत असून लेखी मागितलं.

त्यांनी सरकून मला खाटेवर जागा करून दिली. आवाजात राग नव्हता.

"लिखना तो आपको आता था, भैया."

मग त्यांनी आतल्या माणसांना चहा ठेवायला सांगितलं. चहा येईपर्यंत ते पाण्याच्या पातळीबद्दल बोलत होते. मी हो हो म्हणत होतो.

पुढच्या वर्षी मंडळानं पांढऱ्या बोटीला बाजूनं शिडी लावून घेतली, आणि नंतर ती विकून टाकली. दुसरी घेताना पुन्हा माझं नाव निघालं. मी नको म्हणालो. चाचांना विचारायला माणूस पाठवला होता. तोवर ते मिर्झापूरला मुलीकडे राहायला गेले होते. इथून दोन-अडीच तासांची वाट. मी एकदाच गेलो. ते घरी नव्हते, कुठल्याशा लग्नाला गेले होते. पुन्हा येईन असं मुलीला सांगून परतलो. त्याला दोन वर्षं होतील.