पोपटी ट्रॅकसूट

वाचकहो, जरा सावरून बसा. आज जी बाब जाहीर करतो आहे ती अत्यंत गंभीर आहे. अख्ख्या नव्या मुंबईत ट्रॅकसूटला कडक इस्त्री मारून, पँटीला सुरीसारखी धार काढून हिंडणारा पहिला माणूस आमच्या घरातला होता. माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची म्हणून मीही दाजीच म्हणायचो. चारचौघांत मात्र शक्यतो काहीच म्हणायचो नाही. हाक मारली की ते वळायचे, आणि हा माणूस माझा आहे हे सगळ्यांना कळायचं.

दाजी साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात पाठीवर पोती वाहायचे आणि नेरूळला आमच्याच खालच्या मजल्यावर राहायचे. नव्वदनंतर कधीतरी त्यांनी वाशीच्या फुटपाथवरून दोन ट्रॅकसूट आणले, दोन्ही पोपटी. साधे पोपटी नव्हेत, पोपटालासुद्धा संकोच वाटेल असे, वर बाह्यांवर नारिंगी पट्टे. डोक्याला पांढरी टोपी आणि पायांत करकरणाऱ्या कोल्हापुरी वहाणा तशाच राहिल्या. लेंगा-शर्ट तेवढे ट्रंकेत गेले ते गेलेच. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला हात जोडायचा, “चाचा, ये जल जायेगा!” दाजी वर ओलं फडकं टाकायला लावायचे आणि धार नीट पडेपर्यंत समोर उभे राहायचे. कामाला ट्रॅकसूट, भाजीला ट्रॅकसूट, बँकेत ट्रॅकसूट. एका लग्नात वरपक्षाने त्यांना पी.टी.चे सर समजून पंगतीतली पोरं सरळ रांगेत बसवायला सांगितलं, आणि दाजींनी ती बसवलीदेखील, नुसत्या चुटकीवर! मी तिकडे खांबाआड उभा राहून जिलबी खाल्ली. बरं, त्यांचे नियमही होते. एरवी चेन छातीपर्यंत, सत्यनारायणाला गळ्यापर्यंत. आणि कुणाच्या मयताला जायचं असेल तर ट्रॅकसूट उलटा, आतलं राखाडी अस्तर बाहेर. अशाच एका दुःखाच्या घरी त्यांच्या मानेमागे लेबल फडफडताना पाहून मी कानाशी पुटपुटलो, “दाजी, लेबल दिसतंय.” तेही तितक्याच हळू म्हणाले, “दिसू द्या की. रंग तर न्हाई ना दिसत?”

एकदा न राहवून मी विचारलं, “दाजी, सुटसुटीत वाटतो म्हणून घालता का हो हा?” ते म्हणाले, “लांबनं दिसतो.” एवढंच. हे उत्तर मी पुढचे दोन आठवडे ऑफिसात साभिनय सांगून चहा कमावला.

त्यांची मुलगी सवी तेव्हा नववीत होती, आठशे मीटर पळायची. त्या वर्षी शाळांच्या स्पर्धा आमच्या मैदानावर होत्या आणि पहिल्या दोघींना पुण्याच्या शिबिरात जायला मिळणार होतं. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. पण प्रमुख पाहुणे होते माझे साहेब, आणि त्यांना हार घालायचा मान माझा! सकाळीच मी माझा पांढरा शर्ट आणि बदामी पँट घेऊन खाली गेलो.

“दाजी, आज हे घाला.”

“का वो?”

“साहेबांशी ओळख करून देतो तुमची.” हे खोटं होतं.

“आवो, पर सवीला...”

“दाजी, एक दिवस!”

त्यांनी शर्ट उलटसुलट करून पाहिला. “तुमी शिकलेली माणसं. म्हणताय तर घालतो.” पोती वाहून रुंदावलेल्या त्या छातीवर माझ्या शर्टाची बटणं कशीबशी लागली. गळ्याचं लागलंच नाही.

सवी शेवटच्या वळणापर्यंत पहिली होती. मांडवातून मला सगळं स्वच्छ दिसत होतं. वळणावर दाजी दोन्ही हात हलवत उभे होते, आणि त्यांच्या आजूबाजूला पन्नासएक मास्तर, पालक, सगळे पांढऱ्या शर्टांत. सवीने मान एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे. काहीतरी शोधत होती. तेवढ्यात दोघी तिच्या पुढे गेल्या. ती तिसरी आली.

बाप-लेकीत ठरलेलं होतं, हे मला मेहुणीने नंतर सांगितलं. चुन्याच्या पुसट रेषांत शेवटचा जोर लावून नेमकं कुठून सुटायचं ते कळत नाही, म्हणून दाजी ती जागा धरून उभे राहायचे. पोपटी दिसलं की उरलंसुरलं सगळं ओतायचं. घरीदारी तोच रंग अंगावर का, तर पोरीच्या डोळ्यांत तो पक्का बसावा म्हणून.

सवी धापा टाकत मांडवाशी आली. दाजीही पोचले. “पप्पा, कुठे होतात तुमी? मी बघतच राहिले!” मी साहेबांच्या शेजारी उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. दाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “आगं, पाणी प्यायला गेल्तो. चुकलंच माजं.”

पुढच्या वर्षी सवी पुण्याला गेली. त्या वर्षीच्या शर्यतीत वळणावर पोपटी रंग होता, आणि शेजारी त्यांची टोपी हातात धरून मीही होतो. दाजी आता गावी असतात. ज्वारीच्या रानात तोच ट्रॅकसूट घालून फिरतात, पाखरं जवळ येत नाहीत म्हणे. मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून रोज सकाळी मीही ट्रॅकसूट चढवतो, माझा राखाडी. चेन गळ्यापर्यंत ओढताना हात मध्येच थांबतो. त्या दिवशी मांडवात दाजींचं ते पाणी प्यायचं ऐकून सवीने बापाला टोपीपासून वहाणांपर्यंत न्याहाळलं होतं आणि साहेबांच्या देखत, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती,

“पाणी प्यायला? काकांचा शर्ट घालून?”