वाकोल्यातला अडेल कॉम्प्युटर

मी अक्षरं गिरवली ती चळवळीच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. आमच्या घरी पाटीपेक्षा पत्रकं जास्त होती. त्यामुळे कोणत्याही गोष्टीत आधी दोषी कोण हे ठरवायचं आणि मग तपशील गोळा करायचे, ही सवय मला फार लवकर लागली. ती किती वाईट आहे हे मला वाकोल्यातल्या एका खोलीत, तीन दिवसांत कळलं.

खोली काकांची. माझं त्यांचं नातं काही नाही, वस्तीच्या समितीतली ओळख. मूळचे मालवणकडचे, वीस वर्षं गिरणीत मागांचे फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर काकूंना घेऊन या वस्तीत आले. पत्र्याचं छप्पर, पण भिंती विटांच्या आणि विजेचं मीटर स्वतःचं. म्हणूनच कॉम्प्युटर त्यांच्याकडे ठेवायचं ठरलं.

झोपड्या हटवणाऱ्या सरकारी कचेरीने कळवलं होतं, की ज्यांची नावं पुराव्यांसकट यादीत असतील त्यांचीच घरं राहतील. यादी आडनावांच्या इंग्रजी क्रमाने हवी, तीन प्रतींत, सोमवारी दुपारच्या आत. खाडाखोड चालणार नाही. आधी आम्ही हाताने लिहिलेली यादी परत आली होती. रोज कोणीतरी पुराव्याचा नवा कागद घेऊन यायचं, की सगळा क्रम पुन्हा बदलायचा. समितीचं म्हणणं होतं, चार मुली बसवू आणि टाइपरायटरवर करू. मीच हट्ट धरला. पवईला इंजिनियरिंग शिकणारा माझा मित्र सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवतो, तो कॉम्प्युटर नावं आपोआप क्रमाने लावतो, असं भर सभेत सांगितलं. समितीने टाइपरायटरचा नाद सोडला. म्हणजे आता यादी झाली नाही तर ते माझ्या डोक्यावर.

गुरुवारी कॉम्प्युटर आला. मित्राने एक पानभर सूचना लिहून दिल्या आणि तो भावाच्या लग्नाला गावी गेला. काकूंनी लगेच ताट आणलं. हळद, कुंकू, दोन जास्वंदी, नारळ.

“काकू, हे यंत्र आहे. विज्ञानाची वस्तू आहे,” मी म्हणालो.

“मगे? मागाची पूजा नाय करीत होते दसऱ्याक? ते काय देवळातले होते?”

मी पाच मिनिटं अंधश्रद्धेवर बोललो. त्या मान हलवत ऐकत होत्या आणि बोलणं संपेपर्यंत त्यांनी पेटीवर स्वस्तिक काढून, वरून कुंकू वाहिलंसुद्धा.

शुक्रवारी अर्धा तास सगळं झकास चाललं. साठेक नावं झाली, मी छापून पाहायला दिली, प्रिंटर करकरला आणि पडदा गोठला. कोपऱ्यात इंग्रजीत दोनच शब्द, ‘पॅरिटी चेक’. कळ दाबा, काहीही दाबा, ढिम्म. बंद करून चालू केला तर नावं गेलेली. संध्याकाळपर्यंत हे पाच वेळा झालं. मी दर दहा नावांनी फ्लॉपीवर साठवायला लागलो, तर तिसऱ्या खेपेला फ्लॉपीवरचीच यादी अर्धी निघाली.

मित्राच्या पानावर लिहिलं होतं, हा निरोप आला तर मेमरीत गडबड आहे. गडबड कशाने, ते नव्हतं लिहिलं. शनिवारी सकाळी मी पेटीचं झाकण काढलं. आत हिरव्या पाटीवर लाल भुकटी सांडलेली होती.

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. वस्तीतल्या सगळ्यांचं घर टांगणीला लागलेलं आणि माझा मुद्दा खरा ठरला म्हणून मी खूश. काकू भाजी निवडत होत्या. मी त्यांना बोलावून ती भुकटी दाखवली आणि म्हणालो, “बघा. तुमच्या भक्तीने सगळ्यांच्या घरांची वाट लागली.”

 काकू भाजीची परात उचलून शेजारणीकडे गेल्या. एरवी अकरा वाजता येणारा चहा त्या दिवशी आला नाही.

मी रंगाच्या कोऱ्या ब्रशने एकूण एक कण काढला. झाकण लावलं. पुन्हा बसलो. चाळीस नावांनंतर पडदा गोठला.

काका कामावरून आले तेव्हा मी डोकं धरून बसलो होतो. गिरणी गेल्यावर ते मरोळला एका कारखान्यात देखभालीचं काम बघत. त्यांनी मला काय झालं असं विचारलंच नाही.

“थांबायच्या आधी ता काय करीत होतां?”

“कोण?”

“मशीन रे. माग बंद पडलो काय आमी आधी हेच इचारायचो. बंद पडल्यावर काय झालां ता बगून काय उपेग?”

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारल्या आणि मला कामाला बसवलं. स्वतः स्टूलवर बसून वेळ टिपत राहिले. प्रिंटर चालू, गोठला. मी खुर्ची मागे सरकवताना टेबलाला धक्का, गोठला. नुसतं टाइप करताना पाऊण तास काहीच नाही. शेजारी कोणीतरी सामाईक भिंतीत खिळा ठोकायला घेतला, गोठला.

काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. “हादारला काय मरता. ह्यां आणलंस कसां?”

ते मला सांगावंच लागलं. मित्राच्या प्राध्यापकांनी आपली मोटार देऊ केली होती. मी नको म्हणालो. वस्तीचं काम वस्तीच्या हिमतीवर झालं पाहिजे, कोणा साहेबाच्या उपकारावर नाही, असं त्यांच्या तोंडावर ऐकवलं. मग समितीची हातगाडी नेली आणि पवईहून साकीनाका, मरोळ करत, खड्ड्याखड्ड्यांतून पेटी ढकलत आणली. पुढे झेंडासुद्धा लावला होता.

काका बराच वेळ हसले. मग डोळे पुसून म्हणाले, “तत्त्वाक स्प्रिंगा नसतत रे.”

शेजारून परत आलेल्या काकू दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

रविवारी सकाळी काकांनी प्लग काढला, हात कोरडे केले, अंगातली वीज उतरावी म्हणून पेटीच्या लोखंडाला हात लावला आणि झाकण उघडलं. नवीन माग खटाऱ्यातून आला की चालवायच्या आधी ते तो पुन्हा सगळा आवळून घेत, म्हणाले. इथे आवळायला नट नव्हते. मेमरीच्या काळ्या चिपा होत्या, गोमेसारख्या पायांच्या, खाचांत नुसत्या बसवलेल्या. चार ओळी, प्रत्येकीत नऊ. काकांनी एकेकीवर अंगठा ठेवून सरळ खाली दाबलं. तिसरीने ‘कट’ असा बारीक आवाज केला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. छत्तीसांपैकी अकरा चिपा बोलल्या, म्हणजे तितक्या हातगाडीवर सैल झाल्या होत्या.

चालू केला. मी नावं घालायला लागलो. दहा वाजले, अकरा वाजले. प्रिंटर लावला, तो टेबल हलवत करकरत राहिला आणि पान पूर्ण बाहेर आलं. काकांनी टेबलावर मूठ आपटली. काही नाही. मी आपटली. काही नाही. 

मग मी आत काकूंकडे गेलो. “काकू, चूक माझी होती. कुंकवाने काही झालं नव्हतं. मी न बघता तुमच्यावर आळ घेतला.”

“तू शिकलेलो. पुराव्याबिगर बोलूचा नसता, असां तूच सांगत होतंस ना सभेत?”

“हो.”

“तां कचेरीवाल्यांसाठी होतां काय फक्त?”

 एवढं बोलून त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि चहात साखर घालायच्या आधी मला किती हवी ते विचारलं. पूजेबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. त्यांचंही नाही.

रविवारी रात्री यादी पुरी झाली. सोमवारी साडेअकराला कचेरीतल्या कारकुनाने पानांवरून बोट फिरवलं. क्रम पाहिला. मधूनच एक आडनाव काढून त्याच्या आगेमागे काय आहे ते तपासलं. तिन्ही प्रती ताडल्या, आणि आमच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारला. मी तिथेच बाकावर बसलो. 

वाकोल्याला परतलो तेव्हा काकू दारातच होत्या. शिक्का बघून त्यांचं समाधान झालं नाही. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

“आमचा खंय हा, दाखव.”

मी सहावं पान उघडलं आणि त्यांचं बोट धरून त्यांच्या नावावर ठेवलं. त्यांनी ते नाव एकदा, मग पुन्हा एकदा बोटाने चाचपलं, आणि काकांना हाक मारली, “अहो, आसा! हयसर आसा!”