नाका, पूल आणि चाकाचे बोल्ट

लग्न होऊन धुळ्याकडून सुरतेच्या डिंडोलीत आले, तेव्हापासून दोन-तीन वर्षं मला कुठेच स्वस्थ बसवत नसे. कारण आमचा टेम्पो. नवरा कडोदऱ्याच्या लूमवरून कापडाचे तागे भरून सुरतेतल्या मिलला पोचवायचा. मी कडोदऱ्यालाच एका कारखान्यात सुताच्या बॉबिन भरायचे. सकाळी त्याच्याबरोबर जायचं आणि दिवस मावळताना भरलेल्या टेम्पोत त्याच्या शेजारी बसून परत यायचं.

वाटेत जकात नाका होता. तिथे बहुतेक रोज अमरावतीकडचा एक टेम्पोवाला भेटायचा. नाका ओलांडला की दोघं टेम्पो शेजारी शेजारी उभे करत, एकमेकांकडे बघत, आणि इंजिनं गुरगुरू लागत. माझा हात आपोआप दाराच्या दांडीवर जायचा. मग दोघं एकदम क्लच सोडत. टेम्पो उडी मारल्यासारखा निघायचा, मागे तागे धडकायचे. कालव्याच्या पुलावर आधी पोचेल तो जिंकला.

"हे कशापायी करता?" मी विचारायचे.

"तुले नही समजाव," एवढंच उत्तर.

मग मागच्या डाव्या चाकाचे बोल्ट तुटायला लागले. आज एक, चार दिवसांनी दुसरा. नवरा म्हणाला, माल हलका आहे. दुसऱ्या दुकानातून महागाचे आणले, तेही तुटले. मग त्याने पान्याला लांब पाईप लावला, वर उभं राहून नट आवळले. आठवडाभरात पुन्हा एक गेला. तुटलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिला. तुटल्या जागी अर्ध्याहून जास्त भाग काळपट होता आणि कडेला थोडासाच चकाकत होता.

"हा आज नाही तुटला. कधीचा तुटतोय," मी म्हटलं. त्याने तो तुकडा माझ्या हातातून घेऊन गटारात फेकला.

तेव्हापासून मला मागून टकटक ऐकू यायची. कारखान्यात बॉबिन फिरत असतानाही तीच. "आवाज येतोय," मी सांगायचे. "माले काही ऐकू येत नही," तो म्हणायचा आणि जास्तच पाय दाबायचा.

एका संध्याकाळी नाक्यावरून दोघं सुटले. पूल दिसायला लागला तेवढ्यात आमचा टेम्पो डाव्या अंगाला धाडकन बसला. आमचंच चाक आम्हाला मागे टाकून पुढे पळताना मी पाहिलं. ते कालव्याकडच्या गवतात जाऊन पडलं. चाकामागचा ड्रम रस्त्यावर घासत गेला, ठिणग्या उडाल्या आणि टेम्पो थांबला. नवरा स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला. मी खाली उतरले. तिथेच फतकल मारून बसले.

अमरावतीकडचा पुलावरून परत आला. आधी माझ्याजवळ आला. "वहिनी, लागलं का कुठं?" मी 'नाही' अशी मान हलवली. मग त्याने चाक ढकलत आणलं आणि नवऱ्याला बोलावलं. चाकातली बोल्टांची भोकं गोल राहिलीच नव्हती, लांबट झाली होती.

"माझंही एकदा असंच गेलं होतं," तो म्हणाला. "दर दसऱ्याला रंग मारतोस ना चाकाला? आतून, ड्रमलापण?"

"मारतो."

"मग तू रंगावर नट आवळतोयस. तो थर दबतो, नट सैल पडतो. आपण एकदम क्लच सोडला की चाक ड्रमवर सरकतं आणि बोल्ट वाकतो. रोज थोडा थोडा. तार वाकवून वाकवून तोडतो तसंच."

"आन् मी पाईप लावला तो?"

"त्यानं बोल्ट ताणला गेला. आणखी लवकर तुटला."

दुसऱ्या दिवशी दारात बसून आम्ही दोघांनी ड्रमवरचा रंग खरवडला, पार लोखंड दिसेपर्यंत. लांबट भोकांची ती चाकाची डिस्क बदलली, बोल्ट सगळे नवे घातले. थोडं चालवून नट पुन्हा आवळायचे, हेही तो शिकला. त्यानंतर बोल्ट तुटला नाही.

शर्यतही बंद झाली. पण माणूस घरात मावेना. जेवताना पाय हलवायचा, ताटावरून अर्धवट उठायचा, पोरकट कारणांवरून भांडायचा. मला वाटलं होतं आता जिवाला आराम पडेल. पण त्याच्याकडे बघून जीव कासावीस व्हायचा.

एका रविवारी तो म्हणाला, "चाल." रिकामा टेम्पो घेऊन कोसाडकडच्या मोकळ्या मैदानात गेलो. त्याने मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः माझ्या जागी बसला.

"क्लच हळू सोड. एकदम हळू."

मला जमलं नाही. टेम्पोने हिसका मारला, आम्ही दोघं पुढे आदळलो, इंजिन बंद पडलं. त्याने दाराची दांडी घट्ट धरली होती. मी मोठ्याने हसले.

"उतरू का?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "परत चालू कर."