बागूल मॅडम आणि सुलतानचा खुबा

बागूल मॅडमकडे नेलेल्या कुत्र्याला आधी पाठमोरं चालावं लागे. मॅडम दवाखान्याच्या पायरीवर बसायच्या आणि मालकाला सांगायच्या, "याला घेऊन त्या इस्त्रीवाल्यापर्यंत जा. माझ्याकडे वळून बघू नका." मालक जायचा, कुत्रं जायचं, आणि मॅडम मान तिरकी करून त्याचे मागचे पाय बघत राहायच्या. टेबल, दिवा, स्टेथोस्कोप हे सगळं नंतर. पूर्वी मुलगी पाहायला आलेली मंडळी "जरा चालून दाखव" म्हणत, तसला काहीतरी प्रकार नव्या माणसाला वाटे. मॅडमचं म्हणणं साधं होतं. "टेबलावर सगळेच शहाण्यासारखे वागतात. चालताना खोटं बोलता येत नाही."

त्या मूळच्या सोनगीरच्या. सरकारी पशुवैद्यकीय नोकरीत त्यांनी धुळे आणि जळगाव हे दोन्ही जिल्हे पालथे घातले आणि बहुतेक काळ म्हशींच्या बाळंतपणात काढला. निवृत्तीनंतर जळगावला आमच्याच गल्लीत, माझ्या घरासमोर, त्यांनी कुत्र्यांचा लहानसा दवाखाना काढला. गेल्या वर्षी त्या गेल्या. शोकसभेत एका वक्त्याने त्यांना 'मुक्या प्राण्यांची माउली' म्हटलं. मला वाटतं, हे ऐकून त्या उठून गेल्या असत्या. प्राण्यांना त्या मुकं मानतच नव्हत्या. आणि माउलीपणाचं म्हणाल, तर कुत्र्यांशी त्या सभ्यपणे वागत. मालकांशी त्यांनी तसा काही करार केलेला नव्हता.

एकदा शहरातल्या श्वानप्रदर्शनाला त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं. शाल झाली, श्रीफळ झालं, सूत्रसंचालकाने कुत्र्यांपेक्षा पुढाऱ्यांची नावं जास्त वेळा घेतली. पहिल्या आलेल्या अल्सेशियनच्या गळ्यात पदक घालून झाल्यावर मॅडमनी माइक हातात घेतला आणि मालकाला विचारलं, "याच्या खुब्याचा एक्स-रे काढलाय? नसेल तर याची पिल्लं विकू नका. कंबर अशी उतरती दिसली की तुम्ही टाळ्या वाजवता. भोगतात ती पिल्लं." संयोजकांनी घाईघाईने देशभक्तीचं गाणं लावलं. पुढच्या प्रदर्शनाला अर्थातच दुसरे पाहुणे होते.

मॅडमची खरी ओळख मला माझ्या थोरल्या भावामुळे झाली. ते पहूरजवळ केळी आणि कापूस करतात. घरचे आणि गावातलेही त्यांना भाऊच म्हणतात. वहिनी गेल्यावर नवीन बांधलेल्या घरात भाऊ एकटे उरले. मुलगा पुण्यात. मग त्यांनी धुळ्याहून अल्सेशियनचं पिल्लू आणलं, त्याचं नाव सुलतान ठेवलं आणि त्याच्या वंशावळीचं प्रमाणपत्र फ्रेम करून बैठकीत लावलं. आमच्या स्वतःच्या पणजोबांचं नाव भाऊंना आठवत नाही, पण सुलतानच्या पणजोबांचं पाठ होतं. सुलतानला दूध, तूप, अंडी आणि कॅल्शियमचं टॉनिक सुरू झालं. पोळ्याच्या बैलालाही लाजवील असा तो फुगला. पळताना तो मागचे दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या मारायचा. भाऊ पाहुण्यांना मुद्दाम अंगणात नेऊन ते दाखवत. "पाह्यलं का? जातिवंत चाल हाये ही!"

वर्ष पुरं व्हायच्या आत जातिवंत चाल बसली. सकाळी सुलतानला उठता येईना. चकचकीत फरशीवर मागचे पाय फाकायचे आणि तो पोटावर आपटायचा. भाऊंनी मला फोन केला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. मी म्हणालो, जळगावला घेऊन या.

मॅडम पायरीवर बसल्या. भाऊ आणि सुलतान इस्त्रीवाल्यापर्यंत गेले, परत आले. मॅडम उठल्या, सुलतानच्या कमरेवरचे केस बोटांनी बाजूला केले आणि तशाच थांबल्या. केसांखाली तीन काळपट रेघा होत्या. बैल लंगडायला लागला की तापल्या लोखंडाने त्याच्या खुब्यावर डाग द्यायची आमच्याकडची जुनी रीत आहे. भाऊंनी ती सुलतानवर केली होती.

रागावल्या की मॅडम सोनगीरच्या अहिराणीवर यायच्या. "हाई काय शे, भाऊ?"

"डाग देला," भाऊ म्हणाले. "बैलाले देतोच ना आपन. दोन दिवस चांगला चालला मंग."

"दोन दिवस तो बसायला घाबरला," मॅडम म्हणाल्या. "बैल तक्रार करत नाही म्हणून तो बरा झाला, असं तुम्हाला वाटतं."

भाऊंनी सवयीने सुलतानच्या पाठीवर हात ठेवायला पुढे केला. सुलतान मान खाली घालून बाजूला सरकला. मी भाऊंच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. ज्याच्याशी हा माणूस दिवसभर बोलत असे, असा घरात तो एकच जीव उरला होता.

गुंगीचं इंजेक्शन देऊन, उताणं झोपवून, पाय लांब ताणून एक्स-रे काढला. मॅडमनी तो खिडकीशी धरला. "ही खुब्याची वाटी, हा मांडीच्या हाडाचा गोळा. गोळा वाटीत रुतून बसायला हवा. याची वाटी ताटलीसारखी उथळ आहे. जन्माने येतं हे, आईबापांकडून. तुमच्या त्या फ्रेममध्ये पणजोबांचं नाव आहे, पण त्यांच्या खुब्याचा फोटो नाही. आणि वर तुम्ही तूप घालून वजन वाढवलंत, कॅल्शियम पाजलंत, त्याने दुखणं लवकर आलं."

"मंग मोठं ऑपरेशन सांगा," भाऊ म्हणाले. "मुंबईले नेतो. खर्चाचं बोलूच नका."

"मोठं ऑपरेशन त्याला हवंय की तुम्हाला?"

मॅडम जरा मवाळ झाल्या आणि त्यांनी एकेक गोष्ट समजावून सांगितली. वाटीचा कोन बदलायचं ऑपरेशन लहानपणीच करायचं असतं, ती वेळ गेली. सगळा सांधाच नवा बसवता येतो, पण तो मोजक्या ठिकाणी होतो, नंतर फार जपावं लागतं, आणि बिघडला तर मोठा बिघडतो. तिसरा उपाय म्हणजे गोळ्याचं टोक कापून टाकायचं. मग मांडीचे स्नायूच सांध्याचं काम करतात. पण स्नायू हवेत, आणि अंगावर चरबी नको. "म्हणजे कुठल्याही वाटेने गेलात तरी आधी वजन उतरवायचं आणि मांड्या भरायच्या. ते जमलं तर कदाचित कापावंच लागणार नाही. दुखण्याची गोळी मी देईन, रक्त तपासून. तुमच्या घरातली माणसाची गोळी द्यायची नाही, पोटात रक्तस्राव होतो. फरशीवर बारदान अंथरा."

"नवी फरशी हाये, मॅडम."

"तिच्यावर चालणारा पण नवाच आहे."

भाऊंनी बारदान अंथरलं. बैठकीचं पार कापसाच्या जिनिंगचं गोदाम झालं. खाण्याचं मात्र जमेना. आमच्या घरात जनावराला घातल्याशिवाय माणूस जेवत नाही, आणि एकट्या माणसाला जेवताना कुणीतरी तोंडाकडे बघणारं लागतं. पुढच्या खेपेला मॅडमनी सुलतानच्या फासळ्या चाचपल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही याला भाकरी देत नाही. याच्या पाठीवर पोतं ठेवता." भाऊंनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. त्यानंतर ते आधी एकटे जेवू लागले. मला वाटतं, त्या कुत्र्यासाठी त्यांनी केलेली सर्वांत अवघड गोष्ट तीच.

मांड्या भरायला पोहणं सांगितलं होतं. भाऊंचं शेततळं होतं, पण सुलतान त्यांच्यासोबत पाण्याजवळ येईना. हात दिसला की मागे सरके. शेवटी मॅडम स्वतः पहूरला आल्या. तळ्याच्या प्लास्टिकच्या काठावरून घसरून जनावरं बुडतात, म्हणून आधी त्यांनी टायर आणि दोर बांधून बाहेर यायची वाट करून घेतली. मग ओढणी कमरेला खोचून सरळ पाण्यात उतरल्या.

"मॅडम, तुमी कायले उतरता? लोक पाहून रायले."

"पाहू द्या. तुम्ही पण या. छातीपर्यंत पाण्यात उभे राहा. हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही. तुम्ही त्याला बोलवायचं नाही, त्याने यायचं."

साठीचे दोघं जण सकाळच्या उन्हात पाण्यात उभे, एकमेकांशी केळीवरच्या करपा रोगाबद्दल बोलत होते. सुलतान काठावर कुंईकुंई करत येरझारा घालत राहिला. बराच वेळ गेला. मग तो टायरवरून उतरला, पाण्यात आला आणि पोहत भाऊंच्या खांद्याला येऊन टेकला. भाऊंनी हात वर केला नाही. मॅडम म्हणाल्या, "आता धरा." भाऊ धरून उभे राहिले. मॅडमनी पाठ फिरवली आणि करप्याचं बोलणं एकट्यानेच पुढे चालू ठेवलं.

ऑपरेशन लागलं नाही. सुलतान बारीक झाला, सशासारखी उडी सुटली, आणि कितीतरी वर्षं तो भाऊंबरोबर केळीच्या बागेत थोडं लचकत का होईना, हिंडला. वंशावळीची फ्रेम भाऊंनी कधी काढून टाकली ते मला माहीत नाही.

म्हातारपणी ते सांधे पुरते झिजले. त्यातच मूत्रपिंडं बिघडली, त्यामुळे गोळी वाढवता येईना. ऑपरेशनची भूल सोसणार नव्हती. सुलतान जागेवरच घाण करू लागला आणि तशा अवस्थेत कुणी पाहिलं की नजर चुकवू लागला. भाऊंनी मॅडमना बोलावलं. मीही त्यांच्या गाडीतून गेलो.

मॅडम बारदानावर सुलतानजवळ बसल्या. त्याला तपासून झाल्यावरही बसून राहिल्या.

"उपाय संपले का, मॅडम?"

"एक उरलाय. तोही उपायच आहे. पण ठरवायचं तुम्ही."

"म्हंजे त्याले झोपवायचं."

"झोपलेला उठतो, भाऊ. हा उठणार नाही. मी त्याला मारणार आहे, त्याचं दुखणं थांबावं म्हणून. तुम्हाला तो शब्द जड जात असेल तर तुम्ही नका म्हणू. माझ्या नावावर राहू द्या."

भाऊंनी सुलतानखालचं बारदान सारखं केलं. मग म्हणाले, "तुमच्या नावावर कायले? कुत्रा माह्या हाये. मीच मारून रायलो."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मग डोकं मांडीवर घ्या."

आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. तो गाढ झोपला, मग दुसरं. मॅडमचा हात त्याच्या छातीवर होता, भाऊंचा कानामागे. थोड्या वेळाने मॅडमनी नुसती मान हलवली.

"त्याले समजलं आसन का?" भाऊंनी विचारलं.

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "हात तुमचा होता, एवढं समजलं असेल."

बागेच्या बांधाला खड्डा घेतला. माती ओढून होईपर्यंत मॅडम उन्हात उभ्या होत्या. निघताना भाऊंनी संकोचत फी पुढे केली. मला वाटलं, त्या नाही म्हणतील. त्यांनी ती घेतली आणि पर्समध्ये ठेवली.

"नाही घेतली तर उपकार होईल," त्या म्हणाल्या. "आणि उपकार झाला की माणूस पुढच्या वेळी उशिरा बोलावतो."

"पुढच्या वेळी?" भाऊ म्हणाले.

मॅडम गाडीत बसल्या आणि दार ओढून घेतलं.