शुक्रवारी बंद

पन्नाशी उलटल्यावर प्रथमच काही लिहायला बसलो आहे. शाळेत मराठीत चांगले गुण मिळत, एवढ्याच आधारावर. बैठकीतले पडदे काढून खोक्यात भरल्यामुळे कुवेतमधल्या एगैलाचे, आमच्या वस्तीचे, ऊन थेट वहीवर पडते आहे. पडदे का काढले, हे सांगायचे तर आग्र्यातल्या एका दिवसाबद्दल सांगावे लागेल.

जानेवारीअखेर माझी नोकरी संपली. एकोणीस वर्षे एका कंत्राटदार कंपनीच्या हिशेब विभागात होतो. निरोपाची बैठक वीस मिनिटांत आटोपली आणि मी नेहमीच्या वेळी घरी आलो. बायकोला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे डबा भरला. मी तो घेऊन बाहेर पडलो. पुढचे कितीतरी दिवस मी जवळच्या अहमदी गावाच्या जुन्या वसाहतीत एका झाडाखाली गाडी उभी करून बसत असे आणि एक वाजता डबा खात असे. वाईट वाटत होते असेही म्हणता येणार नाही. काहीच वाटत नव्हते. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, मेपर्यंत होता. आम्हा तिघांचाही तो माझ्या नोकरीवरच अवलंबून. मुलगी अकरावीत होती. बारावी इथल्याच शाळेत व्हायची, हे आम्ही केव्हाच धरून चाललो होतो.

फेब्रुवारीतल्या सुट्ट्यांना जोडून दिल्ली-आग्रा पाहायचे, हे वर्षभरापूर्वी ठरले होते. इतकी वर्षे आम्ही रजेत पुण्याला जाऊन नातेवाइकांच्या भेटी उरकून परतत होतो. बायकोने ताजमहाल पाहिलेला नव्हता, आणि त्याचा उल्लेख ती अधूनमधून करी. मुलीचा जन्म कुवेतचा. तिच्या लेखी तर हा परदेशप्रवासच होता. "रजा मंजूर झाली," असे मी घरी सांगितले. मनाशी एवढेच ठरवले होते, की ताजमहालासमोर या दोघींना सांगायचे. इतक्या मोठ्या वास्तूपुढे आपली गोष्ट लहान दिसेल, असा काहीसा तो विचार होता. आता तो बालिश वाटतो.

दिल्लीहून पहाटे गाडी करून आम्ही आग्र्याला पोहोचलो. चालकाने आधी हॉटेलवर सामान टाकू म्हटले. मी म्हणालो, नाही, थेट ताज. रस्ता अनपेक्षितपणे मोकळा होता. दरवाज्याशी एक पहारेकरी खुर्चीत बसून संत्रे सोलत होता.

"आज जुम्मा है. बंद," तो म्हणाला.

मुलीने फोन काढला आणि दोन क्षणांत वर पाहिले.

"बाबा, सीरियसली? क्लोज्ड एव्हरी फ्रायडे. पहिल्याच ओळीत आहे."

बायको हसली. खरोखर हसली, पदर तोंडाला लावून. "अहो, सगळी सहल तुम्ही आखलीत, आणि नेमका शुक्रवार?"

शुक्रवार मी निवडलेलाच नव्हता. तो आपोआप आला होता. कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची, आमचा आठवडा रविवारी सुरू होतो. वफ्राच्या शेतांवरून भाजी आणायची ती शुक्रवारी, समुद्रावर जायचे ते शुक्रवारी, कोणाकडे जेवायला जायचे तेही शुक्रवारीच. आग्र्यासाठी एक दिवस काढायचा म्हटल्यावर माझ्या हाताने दुसरा वार लिहिलाच नसता.

"साहब, मैंने सोचा आपको मालूम होगा," चालक ओशाळून म्हणाला. "लोग किला देख लेते हैं."

"उद्या सकाळी बघू की," बायको म्हणाली.

"उद्या दुपारचं विमान आहे. पहाटे पाचलाच निघावं लागेल."

"मग विमान एक दिवस पुढे ढकला."

"रविवारी ऑफिस आहे," मी म्हणालो.

ते वाक्य इतक्या सहज निघाले, की त्याचे मलाच नवल वाटले.

किल्ल्यात आम्ही बराच वेळ हिंडलो. तांबड्या दगडाच्या भिंती, मग अंगण, मग आणखी भिंती. मुलगी फोटो काढत पुढे जात होती. शेवटी नदीच्या बाजूच्या संगमरवरी बुरुजाशी आलो. समोर, धुरकट हवेत, यमुनेच्या वळणापलीकडे ताजमहाल दिसत होता. एखाद्याने विसरून ठेवल्यासारखा. शेजारी दुसऱ्या एका कुटुंबाचा गाईड सांगत होता, की शहाजहानला मुलाने इथेच कोंडले आणि आठ वर्षे तो इथून ताजकडे बघत राहिला.

बायको कठड्याला टेकली. "आठ वर्षं! कामाला जायचं नाही, कुठं निघायचं नाही, नुसतं समोर बघत बसायचं. माणूस वेडा होईल हो."

"नाही होत," मी म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत?"

"महिना झाला, मी तेच करतोय. अहमदीत. गाडीत बसून."

तिला कळले नाही. मग मी सगळे क्रमाने सांगितले: बैठक, डबे, मेची मुदत. ऑफिसात अहवाल वाचावा तसे. सांगताना मी दगडात जडवलेले एक लाल फूल पाहत होतो. त्याची एक पाकळी निघाली होती आणि तिथे नुसता खड्डा होता. मुलगी केव्हा मागे येऊन उभी राहिली, ते समजले नाही.

"मग माझी बारावी?" तिने विचारले. मराठीत. एरवी ती आम्हाला इंग्रजीतच उत्तर देते.

"पुण्यात बघावं लागेल," मी म्हणालो. ती पलीकडच्या दगडी जाळीशी जाऊन उभी राहिली.

बायको कठड्यापासून माझ्याकडे वळली. मग तिने विचारले, "डबा खात होतात?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"परवा भेंडी खारट झाली होती. बोलला नाहीत." तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला. "म्हणजे रविवारी ऑफिस नाहीच."

"नाही."

"मग घाई कसली? विमान बदला. ड्रायव्हरला विचारा, उद्या किती वाजता उघडतं."

मी खाली जाऊन विचारले. सूर्योदयाच्या आधीच, तो म्हणाला.

शनिवारी आम्ही ताजमहाल पाहिला. त्याबद्दल लिहिण्याजोगे मला फारसे आठवत नाही. बुटांवर चढवायला कापडी पिशव्या दिल्या होत्या. माझी एक सारखी निसटत होती. मुलगी आमच्यापासून दहा पावलांवर चालत होती, आणि बायको मधे, दोघांनाही नजरेच्या टप्प्यात ठेवून. चौथऱ्याच्या पायऱ्यांशी ती थांबली, मुलगी जवळ येईपर्यंत थांबली, आणि मग आम्ही तिघेही वर गेलो.