हेनिंगची किल्ली

हातोडा चौथ्या बोटावर पडला तेव्हा हेनिंगने पासवर्ड सांगून टाकला. त्याला नावं ठेवणाऱ्याने आधी स्वतःचं एक बोट ओट्यावर ठेवून बघावं! हातोडा मारणारे ते दोघे चोर त्याच्या लॅपटॉपवर तुटून पडले आणि तो मागच्या दाराने निसटून, रक्त गाळत फ्राउकेच्या तळघरात आला.

जर्मनीतल्या कीलच्या बंदरामागे फ्राउके पदरमोड करून एक सर्व्हर चालवायची. प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीवर तो लिहिणारा आपल्या गुप्त किल्लीने सही करतो, आणि ती सही खरी आहे का हे पडताळायची उघडी किल्ली अशा सर्व्हरवर असते. हेनिंगच्या प्रोग्रॅमवर इस्पितळांतली श्वासाची यंत्रं चालत. आता त्याची सही चोरांच्या हाती होती; तिच्या जोरावर ते यंत्रांत आपली आवृत्ती घुसवू शकत होते.

किल्ली रद्द करायचा दाखला रिवाजाप्रमाणे मैत्रिणीकडे, म्हणजे फ्राउकेकडेच होता. तिने तो चढवला. सर्व्हर गोठला. पुन्हा चढवला, पुन्हा गोठला. मग तिने किल्ली तपासली. ही किल्ली याचीच, अशी साक्षीची सही ओळखीची माणसं एकमेकांच्या किल्लीवर करतात. चोरांनी तिथे लाखो खोट्या साक्षी ओतल्या होत्या. तेवढं ओझं उघडताना सर्व्हरचा जीव जात होता.

"सगळ्या साक्षी पूस," हेनिंग कण्हला.

"इथलं काही पुसायचं नाही, हा माझा नियम आहे."

"नियम घाल चुलीत! माणसं मरतील, बये!"

दारावर पहार आदळली. त्या साक्षींत आर्नेची, तिच्या मेलेल्या नवऱ्याचीही एक होती. खऱ्या-खोट्या निवडायला वेळ नव्हता. फ्राउकेने रडत सगळ्या पुसल्या. दाखला चढला.

दार कोसळलं. रक्ताच्या मागावर आलेला, त्या दोघांतला एक आत घुसला. पहारीच्या फटक्याने तिचे दोन दात उडाले. तिने बाटली त्याच्या तोंडावर फोडली. त्याने सर्व्हरचा चुराडा केला.

"फोड मेल्या, फोड!" ती रक्त थुंकत ओरडली. "दाखला कधीच दुसऱ्या सर्व्हरांवर गेला!"

त्याचा फोन वाजला. त्यांची आवृत्ती एकही यंत्र घेत नव्हतं. जाता जाता त्याने हेनिंगच्या तोंडावर लाथ घातली.

इस्पितळात हेनिंगने नवी किल्ली केली. शेजारच्या खाटेवर एका म्हातारीला यंत्र संथपणे श्वास देत होतं.

"साक्ष दे," तो म्हणाला.

साक्ष द्यायची तर ओळखपत्राशी चेहरा जुळायला हवा. फ्राउकेने कार्ड त्याच्या काळ्यानिळ्या, फुगलेल्या तोंडाशेजारी धरलं.

"हा तू नाहीस."

"तीस वर्षं ओळखतेस मला, खडूस बाई!"

"सूज उतरू दे," फ्राउके दात पडलेल्या तोंडाने म्हणाली. "मग बघू."